एकाच पिंजऱ्यातले

माझ्या नीटनेटकेपणाचं लॅबमध्ये सगळे कौतुक करतात. औषध टोचलेल्या उंदरांचे पिंजरे डावीकडच्या रॅकवर, हिरव्या चिठ्ठीचे. नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांचे उजवीकडे, पांढऱ्या चिठ्ठीचे. टोचताना हात चुकायला नको, गोंधळ नको. चार महिने मी रोज सकाळी एकेक उंदीर शेपटीला धरून वजनकाट्यावर ठेवत होते, आणि तिकडे माझ्या धाकट्या बहिणीचं रक्त जात होतं.

धाकटीच्या मोठ्या आतड्याला सूज आहे. आतून जखमा होतात, रक्त पडतं, दिवसातून पंधरा वेळा धावावं लागतं. तिचं काम सलूनमध्ये केस कापायचं. गिऱ्हाईकाचं अर्धं डोकं कापून झालं की ही कात्री टाकून पळायची, आणि उरलेलं अर्धं मालकीणबाई पूर्ण करायच्या. "माझ्या हातचे केस दोन लांबीचे असतात," असं ती स्वतःच सांगायची आणि हसायची. मग हसणंही थांबलं. गोळ्या झाल्या, स्टेरॉईड झाले, दोन महागडी इंजेक्शनं झाली. प्रत्येकाने थोडे दिवस साथ दिली आणि पाठ फिरवली. शेवटी डॉक्टर म्हणाले, मोठं आतडं काढून टाकू, पोटाला पिशवी लावू.

"ताई, पिशवी लावून मी लोकांच्या डोक्यावर वाकू कशी?" तिने विचारलं.

आणि मी म्हणाले, "घाई करू नकोस. थांब जरा."

हे वाक्य मी कुठल्या तोऱ्यात म्हणाले ते मला चांगलं आठवतं. आमच्या लॅबचं कामच ते, सुजेवर औषधाला नवं टार्गेट शोधायचं. म्हणजे शरीरातलं असं एखादं प्रथिन, ज्याचं तोंड दाबलं की सूज ओसरावी. माझ्या हाती तसं एक लागलं होतं. शिवाय ते दाबणारं औषध सांध्यांच्या आजारासाठी बाजारात मिळत होतं. आतड्यासाठी ते कोणी वापरलेलं नव्हतं, एवढंच. आतड्याला मुद्दाम सूज आणलेल्या उंदरांवर तीन फेऱ्या केल्या. तिन्ही वेळा हिरव्या चिठ्ठीचे उंदीर वजनाने वाढले आणि पांढऱ्या चिठ्ठीचे वाळत गेले. आमचे सर खुर्चीत रेलून म्हणाले, "छान आहे. पण पी हळद आणि हो गोरी असं औषधात नसतं, बाई." मी मनात म्हटलं, तुमची बहीण असती तर कळलं असतं.

धाकटीच्या डॉक्टरांना मी इतकं भंडावून सोडलं, की ते वैतागून म्हणाले, "कागद आणा. तीन आठवड्यांनी शुक्रवारी दवाखान्याची कमिटी बसते. त्यांनी परवानगी दिली तर औषध देऊन बघू, नाहीतर लगेच ऑपरेशन. तिचं आतडं पातळ होत चाललंय, त्यापुढे मी जबाबदारी घेणार नाही." कमिटीसाठी मी चौथी फेरी सुरू केली. तेवढ्यात धाकटीला दवाखान्यात दाखल करावं लागलं. दहा दिवस मी तिच्या उशाशी होते आणि उंदरांचं सगळं मामांवर सोपवलं होतं.

मामा म्हणजे आमचे पिंजरे सांभाळणारे. सगळ्यांचेच मामा, कोणाचेच सख्खे नाहीत. मंगळवारी मी परत आले, तर ते वही छातीशी धरून दारातच उभे.

"मॅडम, रागावू नका. पिंजरे धुवायचं मशीन बंद पडलं होतं. स्वच्छ पिंजरे कमी पडले, म्हणून चार पिंजऱ्यांत हिरवे-पांढरे एकत्र ठेवले. टोचलं मात्र कानाची खूण बघूनच. वहीत लिहिलंय सगळं."

मी रागावले. तोंडाला येईल ते बोलले. माझी चार महिन्यांची मेहनत पाण्यात घातलीत, असंही म्हणाले. ते ऐकून घेत राहिले. मग हळूच म्हणाले, "पण मॅडम, एकत्र ठेवलेले सगळेच सुधारलेत. मिठाचं पाणी टोचलेलेसुद्धा."

मी वही ओढून घेतली. त्या चार पिंजऱ्यांत औषधवाले आणि बिनऔषधाचे यांच्या वजनात काही म्हणता काही फरक नव्हता. उजवीकडे पांढरे वेगळे राहिले होते, ते मात्र वाळलेले होते.

उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे माहीत असतं. एका पिंजऱ्यात राहिले की एकाच्या पोटातले जंतू सगळ्यांच्या पोटात जातात, आणि काही जंतू आतडं राखतात. माझे डावीकडचे सगळे उंदीर खालच्या खोलीतल्या माद्यांची पिल्लं होती, उजवीकडचे वरच्या खोलीतल्या. एक जात, एक वय, म्हणून मी पुढचा विचारच केला नाही. तिन्ही फेऱ्यांत तसंच ठेवलं. गुण खालच्या खोलीतल्या जंतूंचा होता, माझ्या औषधाचा नव्हता. दोन्ही रंग पहिल्या दिवशी एका पिंजऱ्यात ठेवले असते, तर आठवड्यात कळलं असतं.

मी मामांची माफीही मागितली नाही. खुर्चीत बसून तोंडात रुमाल कोंबून रडले.

संध्याकाळी धाकटीला सांगितलं. ती कुशीवर पडून ऐकत होती, गाल आत गेलेले, हातात सलाईन.

"तीन फेऱ्यांचे कागद आहेत ना तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"आहेत."

"मग तेवढेच दे. मामांची वही कोण मागायला येणार आहे?"

खोटं कशाला बोलू, ते तीन कागद पाकिटात घालून माझ्या पिशवीतच होते.

"अगं, ते औषध अंगातली प्रतिकारशक्ती पाडतं. गुण तर यायचाच नाही, वर आतडं फुटलं तर तू हाती लागणार नाहीस," मी म्हणाले.

"चार महिने तुझ्या शब्दावर मी रक्त पाडलं, ताई." तिचा आवाज चढला नाही. चढवायला अंगात जोर नव्हता. "डॉक्टर म्हणत होते, काढून टाकू. आई म्हणत होती, काढून टाक. मी सगळ्यांना सांगितलं, माझी ताई म्हणाली थांब. तुझं चुकलं तर तू नवे उंदीर आणशील. मी काय आणू?"

मी तिच्या पायांवर हात ठेवला. तिने पाय ओढून घेतले.

रात्रभर पाकीट उघडून बंद करत होते. माझ्या बहिणीला आशा हवी आहे तर ती देणारी मी का नाही, असंही वाटलं. सकाळी त्यात मामांच्या वहीची पानं घातली आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. शुक्रवारी कमिटीने पाच मिनिटांत नाही म्हटलं. ऑपरेशन सोमवारी ठरलं. तोवर धाकटी माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

सोमवारी आई घरी देवासमोर बसली होती. ऑपरेशनच्या दाराबाहेर मी आणि सलूनच्या मालकीणबाई होतो. चार तासांनी नर्स आली.

"पेशंटचे नातेवाईक?"

मी उठले. नर्सने हातातल्या फॉर्मवर बघितलं. "तुम्ही सलूनच्या मालकीणबाई का?"

"नाही. मी बहीण. सख्खी."

"फॉर्मवर पेशंटने त्यांचं नाव लिहिलंय. डॉक्टर त्यांच्याशीच बोलतील."

मालकीणबाई माझ्याकडे न बघता आत गेल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या.

"वाचली," त्या म्हणाल्या. मी भिंतीला टेकले. "पण डॉक्टर म्हणाले, चार महिन्यांपूर्वी आली असती तर पुढे आतून जोडून पिशवी काढता आली असती. आता आत काही धड राहिलेलं नाही. पिशवी जन्माची."

मी बाकावर बसले.

"शुद्धीवर आली की विचारेल हो ती," मालकीणबाई म्हणाल्या. "मला नाही जमायचं. तुम्ही सांगाल का? तुम्हाला त्यातलं कळतं. तुम्ही नीट समजावून सांगाल."

मी म्हणाले, "सांगते."