कपाटातलं इंटरनेट

खालच्या मजल्यावर थोरली जाऊ राहायची, वरच्या मजल्यावर धाकटी. दोघींच्या मध्ये सहा इंचांचा स्लॅब होता आणि दीड वर्षाचा अबोला. त्यातल्या त्यात स्लॅब पातळ.

भांडण वाटणीवरून झालं नव्हतं. तेवढी प्रतिष्ठा त्याच्या नशिबी नव्हती. एका सकाळी धाकटीने दोरीच्या उड्या मारल्या आणि खालच्या पंख्याची प्लास्टिकची वाटी निसटून थोरलीच्या डोक्यावर पडली. लागलं काहीच नाही. थोरलीला त्याचंच जास्त लागलं. रक्त आलं असतं तर चार लोकांना दाखवता तरी आलं असतं.

इंटरनेटचं कनेक्शन सासऱ्यांच्या काळापासूनचं, दोन्ही मजल्यांत मिळून एकच, आणि राऊटर खाली. पंख्याच्या प्रकरणानंतर आठवड्याभराने धाकटीने मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली तर नेहमीच्या नावाच्या जागी 'वर घोडे पाळलेत' असं नाव होतं. पासवर्डही बदललेला. तो थोरल्या भाऊजींनी न्हाव्याच्या दुकानात धाकट्या भावाच्या कानात सांगितला. भावाभावांत काहीच वैर नव्हतं. दोघे दर रविवारी न्हाव्याकडे तासभर गप्पा मारायचे आणि घरी आल्यावर एकमेकांना ओळख दाखवायचे नाहीत. धाकटीने मग आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला 'गाढवांना घोड्यांचा त्रास' असं नाव दिलं. त्या हॉटस्पॉटवर नेट कधीच चालायचं नाही, कारण गल्लीत मोबाइलला रेंज फक्त गच्चीतल्या टाकीच्या झाकणावर उभं राहिलं तर यायची. पण उत्तर पोचलं. समोरच्या घरातले लोक सकाळी पेपरच्या आधी ही यादी वाचू लागले.

इथवर सगळं सुरळीत होतं. पंचाईत झाली ती धाकटीच्या कामामुळे. ती अडखळत बोलणाऱ्या मुलांना एका संस्थेतर्फे व्हिडिओवर शिकवायची. आणि वर नेट इतकं मरतुकडं यायचं की तीच अडखळायची. "सावकाश, साव... साव... साव..." असं म्हणत ती तोंड उघडं ठेवून गोठायची. एकदा एका मुलाने तिला समजावलं, "घाई नका करू बाई. श्वास घ्या."

महिन्यात नऊ तास तुटले. दहाव्याला संस्थेचं पत्र आलं: गुरुवारी चार वाजता मोठ्या बाई स्वतः तास बघायला बसतील, तोही तुटला तर सगळी मुलं दुसऱ्या शिक्षिकेकडे दिली जातील. धाकटीकडे अशी सहा मुलं होती. त्यातली आठ वर्षांची एक मुलगी, जिला सगळे कप्तान म्हणायचे, वर्षभर फक्त मान हलवायची, ती आत्ता कुठे वाक्य बोलू लागली होती. ती दुसऱ्या कुणासमोर पुन्हा मान हलवत बसली असती.

"तू जाऊन बोल ना वहिनीशी," नवरा म्हणाला.

"मी? त्यापेक्षा मी नवीन कनेक्शन घेते."

नवीन कनेक्शनला तीन आठवडे लागणार होते. म्हणून तिने वायरवाल्याला बोलावलं.

वायरवाला सोमवारी आला. हातात मोबाइल धरून, कुणाचं तरी श्राद्ध असल्यासारखा चेहरा करून तो घरभर फिरला. खाली सिग्नलच्या पाच कांड्या, जिन्यात दोन, वर पलंगावर शून्य, पलंगावर उभं राहिलं तर एक.

"राऊटर आहे कुठे?" त्याने खाली विचारलं.

थोरलीने कमरेची किल्ली काढली आणि लोखंडी कपाट उघडलं. आत साड्यांच्या चळतीवर राऊटर डोळे मिचकावत बसला होता.

"आजी—"

"आजी कोण?"

"ताई, लोखंडाच्या कपाटात राऊटर ठेवणं म्हणजे गवयाला गोधडीत गुंडाळून गा म्हणण्यासारखं आहे. तो उघड्यावर ठेवा, उंच, जिन्याजवळ."

"उघड्यावर ठेवला तर वरचे लोक फुकट वापरतात."

"बिलात माझाही अर्धा वाटा आहे," धाकटी जिन्यातून वायरवाल्याला म्हणाली.

"त्यांना सांगा, जिन्यात उभं राहून बोलू नये."

"यांना सांगा, जिना सामाईक आहे."

"यांना सांगा, जिना खालून सुरू होतो."

"आणि संपतो वर!"

वायरवाल्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "माझ्या घरीही दोन मजले आहेत," तो हवेला सांगितल्यासारखं म्हणाला, आणि मुकाट्याने कामाला लागला. राऊटर त्याने कपाटाच्या डोक्यावर बसवला. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर आणखी एक पांढरा डबा लावला. खालचं नेट पकडायचं आणि वर फेकायचं, एवढंच त्याचं काम. मंगळवारी धाकटीचे दोन तास एकदाही न तुटता झाले. तिने आनंदाने दोरी काढली आणि शहाणपणाने परत ठेवली.

बुधवारी सगळं शांत होतं. तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं.

गुरुवारी चारला दहा कमी असताना नेट गेलं. ती जिन्यात धावली. पांढऱ्या डब्यावर मोठं पातेलं पालथं टांगलं होतं, भिंतीत खास खिळा ठोकून. तिने पातेलं काढलं. डब्यावरचा दिवा लाल. खाली वाकून पाहिलं तर कपाटाच्या डोक्यावर राऊटर नव्हता. कपाट मात्र बंद होतं आणि किल्ली जिथे असायची तिथे होती.

चारला सात कमी. तळपायाची आग मस्तकाला गेली, पण मस्तकाला वेळ नव्हता. धाकटीने वरून लॅपटॉप उचलला, दीड वर्षात पहिल्यांदा थोरलीचा उंबरठा ओलांडला आणि कपाटाला पाठ टेकून फरशीवर फतकल मारून बसली. कपाटाच्या दाराच्या फटीतून झिरपणारं नेट तिथे पूर्ण पाच कांड्या होतं.

थोरलीने कपाटाकडे पाहिलं. "काय रे कपाटा, हल्ली तुझ्यापाशी कोणीही येऊन बसतं वाटतं?"

धाकटीने लॅपटॉप उघडला. थोरली उठली, घरातली एकमेव खुर्ची ओढत आणली आणि बरोबर धाकटीच्या खांद्याला गुडघा लावून, कॅमेऱ्यासमोर, हाताची घडी घालून बसली. "आपल्या घरात माणसाने कुठे बसावं, ते माणूस ठरवेल," तिने कपाटाला कळवलं.

चार वाजले. पडद्यावर कोपऱ्यातल्या चौकोनात मोठ्या बाई आल्या, चष्म्यासकट. मोठ्या चौकोनात कप्तान. तिने थोरलीकडे पाहून विचारलं, "त्या क... कोण?"

"त्या इथेच राहतात," धाकटी म्हणाली. खोटं काहीच नव्हतं. "आज तू कासवाची गोष्ट सांगणार होतीस ना?"

कप्तानने सुरुवात केली. कासव पेटीतून निघालं आणि गेलं ते थेट... पुढचा शब्द अडला. कप्तानचे ओठ घट्ट मिटले. पाच सेकंद, दहा सेकंद. मोठ्या बाईंचा चष्मा चमकला आणि धाकटीचा धीर सुटला.

"फ्रिज?" ती म्हणाली. "फ्रिजखाली?"

असं करायचं नसतं. मुलाचा शब्द त्याच्या तोंडातून ओढून काढायचा नसतो, हे धाकटीच सगळ्या आयांना शिकवायची. कप्तानची मान खाली गेली. मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. संपलं, धाकटीला वाटलं. नेट टिकलं आणि मीच तुटले.

कप्तानने मान वर केली, पण धाकटीकडे नाही. थोरलीकडे. आणि तिला सांगू लागली. फ्रिजखाली अंधार होता, आणि कासवाने... शब्द पुन्हा अडला. थोरली हलली नाही. तिने मदत केली नाही, मान डोलावली नाही, गोड हसली नाही. पापणीसुद्धा लवली नाही. समोरच्याने आधी बोलायचं, आपण नाही, या कामात तिचा हात धरणारा अख्ख्या गल्लीत कोणी नव्हता. चाळीस सेकंद गेले. धाकटीने स्वतःच्या तोंडावर हात दाबून ठेवला.

"...डोकं आत घेतलं," कप्तान म्हणाली.

"मग?" थोरली म्हणाली.

मग कप्तान पंचवीस मिनिटं बोलली. झाडू आला, बाबा आले, टॉर्च आला, बाबांचा हात फ्रिजखाली अडकला. प्रत्येक शब्द तिने स्वतः आणला, वेळ लागला तिथे वेळ घेतला, आणि थोरली दगडासारखी ऐकत राहिली. बाबांच्या हाताला तेल लावायचं ठरलं आणि साडेचार झाले. कप्तानने थोरलीला हात हलवला आणि पडद्यावरून गेली.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही मध्ये बोललात ते चुकलंच. पण या बाई कोण? इतक्या धीराने ऐकणारं माणूस मी वीस वर्षांत पाहिलं नाही. कुठे शिकल्या?"

"घरीच," धाकटी म्हणाली.

"दर गुरुवारी कप्तानच्या तासाला या हव्यात. तर मुलं तुमच्याकडे राहतील. विचारून सोमवारपर्यंत कळवा."

चौकोन बंद झाला. खोलीत दोघी आणि कपाट उरलं. धाकटीने लॅपटॉप मिटला. विनवणी करायला हवी होती. दीड वर्षाचा गंज होता तिच्यावर. ती उठून दारापर्यंत गेली.

"कपाटा," मागून आवाज आला, "यांना विचार, त्या बापाचा हात निघाला का? आणि कासव?"

धाकटीला माहीत होतं. ही गोष्ट कप्तानच्या आईने तिला दोनदा सांगितली होती, शेवटासकट. तिने उंबरठ्यावर उभं राहून कपाटाकडे पाहिलं.

"कपाटा, यांना सांग, गुरुवारी चारला कळेल. ती स्वतः सांगेल. मी कुणाचे शब्द मध्ये पुरवत नाही."

थोरलीचा चेहरा लाल झाला. तिने कपाटाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि मग दीड वर्षात पहिल्यांदा सरळ धाकटीच्या डोळ्यांत पाहिलं.

"खुर्ची तुझी तू आण," ती म्हणाली. "आणि पाय पुसून येत जा."