रूळनाथाचा देव आणि साबणाचा फेस

शुक्रवारी अंबरनाथचे कारखाने बंद असतात.

किर्तीच्या सासरी, चामटोलीत, फिटचा झटका आलेल्याच्या नाकाशी कांदा फोडून धरतात.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये पंक्चरवाल्याची पोर बोलायच्या आधी ट्यूबला फेस लावायला शिकते.

व्हॉट्सअॅपवर फिरत होतं: "ड्रायव्हर नाही, इंजिन बंद, फिर भी चालतंय! दहा ग्रुपमध्ये टाका, चांगली बातमी येईल."

रुळावर ठेवलेलं मूल इंजिनाला दिसत नाही.

आज शुक्रवार, आणि गर्दी. कारखान्याच्या आवारातल्या त्या एवढ्याशा रुळावर माणूस मावत नव्हता. वॅगनी इकडून तिकडे ढकलणारं जुनं डिझेल इंजिन. एरवी त्याच्याकडे कुत्रंही बघत नसे. आज त्याला साबणाने अंघोळ घातली होती, झेंडूच्या माळा चढवल्या होत्या, पुढच्या पत्र्यावर हळदीचे डोळे काढले होते. किर्तीला ते डोळे आपल्याच पोरीकडे बघतायत असं वाटत होतं. तिने कडेवरच्या उन्नतीला आणखी घट्ट धरलं.

"भक्तांनो!" रूळनाथ महाराज गरजले. भगवं जाकीट, गळ्यात रुद्राक्ष, रुद्राक्षात शिट्टी. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस इथे ठेक्यावर वॅगनी झाडत असे. "सायन्सवाले बोलतील मोटर आहे, रिमोट आहे. या, चेक करा! इंजिन बंद, ड्रायव्हर खाली. आरती संपेल तसा देव जागा होणार, चालत येणार, आणि लेकरासमोर थांबणार. सावली पडली की झटके खलास. गॅरंटी!"

आजवर देवासमोर नारळ ठेवत. लेकरू आज पहिलंच. रूळ जिथे खाली दबला होता त्या खळग्याच्या जरा पुढे, रुळांच्या मधोमध सतरंजी अंथरली होती. उन्नतीसाठी.

इंजिनाचा ड्रायव्हर म्हणजे किर्तीचा नवरा, सुयोग. इंजिन बंद करून, ब्रेक लावून तो खाली उतरला आणि मान खाली घालून तिच्याशेजारी उभा राहिला.

"अहो, चाकाखालचा लाकडी गुटका कुठाय?"

"महाराजांनी काढायला लावला. देवाच्या पायात लाकूड अडकवलंस म्हणून पोरीला झटके येतात, म्हणाले."

"आणि हाताने फिरवायचा ब्रेक?"

"त्याला लाल कापड बांधलंय. शिवायचं नाही."

आरती सुरू झाली. एक संपली, दुसरी लागली. झांजांच्या मधल्या फटीतून एक बारीक आवाज येत होता. सुस्स... सुस्स...

"देवाचा श्वास गं," शेजारची बाई हात जोडून पुटपुटली.

किर्तीने कान टवकारले. हा आवाज तिने बापाच्या पंक्चरच्या दुकानात हजारदा ऐकला होता.

"अहो, ब्रेक कशावर धरतो?"

"हवेवर."

"इंजिन बंद असताना हवा कोण भरतं?"

सुयोगने मान फिरवली.

"कोण भरतं?"

"कोणीच नाही." तो हळू आवाजात म्हणाला. "हवा गळते, ब्रेक सुटतो. रूळ उताराला आहे. पण पुढे जमीन खचलीय ना, त्या खळग्यात जाऊन थांबतं. दर वेळी थांबतं, किर्ती."

"आजपण थांबेल?"

तो 'हो' म्हणणार होता, तेवढ्यात त्याला आठवलं. "परवा सर्व्हिसिंग झालं. चाकांच्या आसांना नवं तेल पडलंय. काल वॅगन ढकलताना नेहमीच्या जागी थांबलंच नाही, पुढे घरंगळलं."

"आन ती पोर इकडं!" सासू बनूबाई समोर येऊन उभी. "मुहूर्त टळतोय. नातीचं बरं व्हावं असं वाटत नाय का तुला?"

"आई, एकदा मला बघू द्या."

"काय बघतंस? देव हाय तो!"

किर्तीने पोर सुयोगच्या हातात दिली. देवाच्या अंघोळीची बादली अजून तिथेच होती. ओंजळभर फेस घेऊन ती इंजिनापाशी वाकली आणि जिथून आवाज येत होता त्या पाइपाच्या सांध्यावर पंक्चर शोधताना थापतात तसा तिने तो थापला.

"पाप! देवाला बाई शिवली!" गर्दीतून आवाज आला.

फेस फुगला. फुटला. पुन्हा फुगला.

"ए, बुडबुडे येतायत रे!" कोणीतरी ओरडलं.

"येणारच! अंदर शक्ती आहे!" महाराज म्हणाले.

"मग माझ्या स्कूटरच्या टायरमध्ये रोजच येते की शक्ती!" मागून एक सिंधी दुकानदार बोलला. हशा पिकला.

आत कुठेतरी खट्ट झालं. हशा तिथेच विरला.

इंजिन हललं.

आवाज नाही, धूर नाही. नुसतं लोखंडाचं धूड, हळूहळू पुढे. रुळाच्या कडेला लोक आडवे पडून नमस्कार करू लागले. किर्तीने पूजेतला कोहळा उचलला, पुढे धावत जाऊन सतरंजीवर ठेवला आणि बाजूला झाली.

"थांबतो ना तुमचा देव? थांबू दे याच्यासमोर!"

इंजिन खळग्यात उतरलं. महाराजांनी दोन्ही हात वर केले. "थांब, देवा!"

देव थांबला नाही. खळग्यातून वर चढला, सतरंजीवर आला. कोहळा फुटल्याचा आवाज मोठा नव्हता. तरी प्रत्येकाला ऐकू आला.

सुयोगने उन्नतीला किर्तीकडे दिलं आणि बाजूला टाकलेला लाकडी गुटका धावत जाऊन चाकाखाली सरकवला. इंजिन कुरकुरत थांबलं. मग तोच लोकांकडे वळला. हवा कशी गळते, ब्रेक कसा सुटतो, आरती लांबवायची का, सगळं त्याने सांगितलं. रूळनाथ जाकीट काढून गर्दीत मिसळायला बघत होता. बायकांनीच त्याला धरलं आणि पोलिसांना फोन लावला.

बनूबाई खडीवर मटकन बसली. "मीच ठेवनार होते गो तिला तिथं."

"उठा, आई. डॉक्टरकडे जाऊया. कांदा नको, राख नको, इंजिन नको. डॉक्टर."

गळणारी हवा आणि उताराचा रूळ, एवढ्याशा भांडवलावर एक देव उभा राहिला, आणि त्याच्यापुढे आपण आपलं लेकरू ठेवायला निघालो. जे कळत नाही त्याच्यापुढे हात जोडण्याआधी त्याला एकदा हात लावून बघा. विचारा. कोणी रागावलं तर पुन्हा विचारा.

उन्नतीला पहिला झटका आला त्या दिवशी तिला सणकून ताप होता, आणि लहान मुलांना तापात असे झटके येऊ शकतात.