कोरडे तांदूळ

रहिमतपूरजवळच्या त्या वाडीत देवीच्या देवळापुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. बनुबाईची बोरमाळ चोरीला गेली होती आणि नाथाजी भगत मंतरलेले तांदूळ चावायला देऊन चोर धरणार होता.

"चोराच्या तोंडातली थुंकी आई शोषून घेती!" नाथाजी गरजला. वा रे वा! सरकार पोलिसांना उगाच पोसतंय म्हणायचं!

दहा जणांनी ओला लगदा थुंकला. अकरावा साईराज, बनुबाईच्या वारलेल्या बहिणीचा सोळा वर्षांचा पोर. तिनंच त्याला लहानाचा मोठा केलेला. त्याच्या तोंडातून कोरडा भुगा पडला. गावानं असा बडवला, की मार चुकवायला पोरानं कबुली दिली. बनुबाईच्या नवऱ्यानं फिर्याद ठोकली.

पुढं साताऱ्यात बाल न्याय मंडळापुढं बनुबाईची साक्ष होती. साईराज समोरच बसला होता, मान खाली घालून.

"चोरी करताना पाहिलंत त्याला?" मंडळावरच्या डॉक्टर चारुशीलाबाईंनी विचारलं.

"न्हाई. पर तांदूळ..." बनुबाईची जीभ टाळूला चिकटली. "बाई, घोटभर पानी द्या. तोंड लय वाळलंय."

"का? तुम्ही चोरी केलीत?"

"आवं, न्हाई वो! भ्या वाटतंय."

"भीतीनं थुंकी आटते, बनुबाई. त्यालाही भीतीच वाटली असेल. मग बाकीच्यांचे तांदूळ ओले कसे?"

बनुबाईला आठवलं, तसं तिनं सांगितलं. तांदळाआधी नाथाजीनं सगळ्यांना चघळायला खडीसाखर दिली होती. साईराजचा हात तेवढा झिडकारला होता, "आधी खरं-खोटं हुंदे!"

"याचाच हात का झिडकारला?"

बनुबाईला रडू फुटलं. "मीच सांगिटलं वो! आदल्या दिशी भगतानं इच्यारलं, कुनावर शंका हाय? मी म्हनलं, घरात बाहेरचा ह्योच येक."

साईराजनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

मंडळानं शेवटी त्याला निर्दोष सोडलं. बाहेर बनुबाईनं त्याचा हात धरला. "घरला चल रं, लेकरा."

"मावशी, तवा येकदा मला इच्यारलं असतंस तर?" एवढंच बोलून तो मुलांच्या वसतिगृहातून त्याला न्यायला आलेल्या माणसाबरोबर निघून गेला.

बोरमाळ अजून सापडलेली नाही. पोरगं मात्र कायमचं गेलं.

बाबांनो, घरातलं काही हरवलं तर भगताची पायरी चढू नका. ज्याच्यावर शंका असेल त्याला जवळ बसवा, पाणी द्या आणि विचारा. त्यासाठी मंतर लागत नाही.