पाचवीआधीचे दोन दिवस

सरजाबाईनं कापसाच्या बोळ्यावर लेकीचं दूध घेतलं आणि पाच दिवसांच्या नातीच्या डोळ्यांवर पिळलं. पापण्या चिकटल्या होत्या. फटीतून पिवळा पू गालावर ओघळला.

"बाप टँकरवाला," दारात उभ्या जावयाकडं बघत ती म्हणाली, "लेकीच्या डोळ्याला पाण्याचा काय दुष्काळ!"

व्यंकटी हसला नाही. चपला काढायचंही त्याला सुचलं नाही.

एसटीच्या कंडक्टरनं निरोप आणला तो तिसऱ्या दिवशी. मुलगी झाली, डोळे आलेत. व्यंकटी त्याच दिवशी निघू शकला असता. पण पाचवीच्या आधी जावयानं बाळंतिणीच्या घरी पाय ठेवायचा नाही, ही या गावची रीत. त्या रीतीचा त्यानं आडोसा घेतला. लातूर जिल्हा नुकताच झालेला, पाणी कुठंच नाही, टँकर सोडून कसं जायचं, असंही त्यानं स्वतःला दोनदा सांगून पाहिलं.

"दवाखान्यात न्यायचं," तो म्हणाला. "आत्ता."

"बारा दिसाच्या आत लेकरू उंबऱ्याभाईर? येड लागलं का तुमाला? काजळ घातलंय. उतरंल."

"मामी, उचला तिला."

तो आवाज ऐकून त्याची बायको चांगुणा बाजेवरून उठली.

निलंग्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बॅटरी लावून डोळे पाहिले. मग रजिया सिस्टर मिठाच्या पाण्यानं ते धुवायला बसल्या. कुणालाही काही सांगताना त्या पहिलीच्या वर्गाला सांगावं तसं, सावकाश सांगत.

"आजी, हे नुसते डोळे आलेले नाहीत. हा परम्याचा, म्हणजे गुप्तरोगाचा जंतू आहे. बाळ बाहेर येताना आईच्या अंगातून डोळ्यात जातो. नवरा-बायकोनं आधीच सुई घेतली असती, तर काही झालं नसतं."

"आता?"

"उजवा डोळा वाचेल, म्हणतात डॉक्टर. डाव्यात फूल पडलंय, त्यानं दिसणार नाही. दोन दिवस आधी आणायला पाहिजे होतं."

सरजाबाईनं लेकीकडं वळून पाहिलं.

"चांगुणे? आईच्या अंगातून म्हंजे काय गं? कुठं शेण खाल्लंस?"

चांगुणानं पदर पुढं ओढला. व्यंकटी खांद्यावरच्या टॉवेलाला पीळ घालत होता. तो गप्प राहिला असता तर सगळं तिच्यावर जाऊन बसलं असतं.

"तिचं न्हाई, मामी. माझं हाय." टॉवेलाचा पीळ सुटला. "नांदेडला मुक्कामी व्हतो तवाचं. घरी म्हणलं, उन्हाळी लागली, लघवीला जळजळ व्हती. हिनं आठ दिस धण्याचं पाणी करून पाजलं. म्या लातुरात जाऊन गुपचूप सुई घेतली."

"आणि बाईला?" सिस्टरनं विचारलं.

"डॉक्टर म्हणले व्हते, तिलाबी आन, पोटातल्या लेकराला धोका हाय. मला तोंड उघडायला झालं न्हाई."

सरजाबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसली.

चांगुणा बोलली. डोळे जमिनीवरच होते.

"डॉक्टरची चिठ्ठी वाचली व्हती म्या. सदरा धुवायला काढला तवा. 'पत्नीला घेऊन येणे' असं लिवलं व्हतं."

व्यंकटीनं मान वर केली.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी न्याल म्हणून. म्हायेरी येईस्तवर रोज सकाळी चांगलं लुगडं नेसून बसायची. तुमी टँकर काढून जायचा."

रजिया सिस्टरनं उकळत्या पाण्यातून सुया काढून ताटलीत ठेवल्या. तीन होत्या: बाळाची, आईची आणि पुन्हा एक बापाची.

"आधी बाळाची. कुणीतरी पाय घट्ट धरा."

व्यंकटीनं हात पुढं केले. चांगुणानं ते बाजूला सारले आणि बाळाचे पाय आपल्या दोन्ही तळव्यांत धरले.