पुठ्ठ्याची रुग्णवाहिका

वस्तीला रस्ता हवा होता आणि तो मागणाऱ्यांत मावशी सगळ्यांच्या पुढे. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या, छातीत कळ आली तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच अडली होती. शेजाऱ्यांनी त्यांना पलंगासकट उचलून नेलं, पण तोवर सगळं आटोपलं होतं. पोरक्या भाचीला मावशीने वाढवलं होतं. वास्तुकला शिकून झाल्यावर तिने नगररचनेचा अभ्यास घेतला तो त्या पलंगापायीच. शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही तिने याच वस्तीचा निवडला.

आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. सरळ आखलेला रस्ता नेमका मावशीच्या घरातून जात होता. तिचा हात धजेना. तिने घरापाशी रस्त्याला बाक दिला, पण त्या वळणावर मोठी गाडी वळणार नव्हती. शेवटी तिने वस्तीच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीतली रुग्णवाहिकाच मापापेक्षा लहान कापली.

शाळेच्या खोलीत वस्तीची बैठक भरली. टेबलावर पुठ्ठ्याची वस्ती मांडली होती. लोकांना हलवून बघता यावीत म्हणून घरं नुसती ठेवलेली होती.

"गाडी झकास आहे," इस्त्रीवाला म्हणाला, "पण पेशंटला गुडघे पोटाशी घ्यावे लागतील."

खोली हसली. मावशीने बोटाने गाडी ढकलली आणि ती वळणावरून अलगद गेली. मावशीने डोळ्यांना पदर लावला. ते भाचीला बघवेना. तिने पिशवीतून खऱ्या मापाची गाडी काढून मुकाट्याने पुढे ठेवली. ती वळणावर अडकली.

मावशीने दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावून पाहिल्या.

"आणि रस्ता सरळ काढला तर?"

भाची टेबलावरच्या एका घराकडे बघत राहिली. तिची नजर कुठे आहे ते मावशीला कळलं. तिने आपलं घर उचलायला हात घातला, पण ते हलेना. तेवढं एकच डिंकाने चिकटवलेलं होतं.

"हे का गं चिकटवलंस?"

मावशीने घर ओढून काढलं, तर खालचा पुठ्ठाही फाटून आला. ते तिने मांडीवर ठेवलं आणि मोठी गाडी सरळ पलीकडे नेली.

"रस्ता मीच मागितला होता," ती म्हणाली. "मला आधी विचारायचंस तरी."

घरी जाताना ती भाचीच्या दोन पावलं पुढे चालत राहिली.