पणजी ठकुबाई आणि जळालेलं गोदाम

मुलीने लग्न स्वतःच ठरवलं, की आईवडिलांच्या वाट्याला फक्त विरोध करणं उरतं. रास अल खैमाच्या एका सिमेंट कारखान्यात मॅनेजर असलेले चारुदत्त आगवेकर हे काम मन लावून करत होते.

साल २००१. मुग्धाने निवडलेल्या दर्शनमध्ये खोट काढण्याचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. मुलगा मराठी, अबू धाबीत नोकरी, वर स्वयंपाक येतो. शेवटी खोट सापडली ती त्याच्या आईत. नीलिमाबाईंचा दुबईला रास अल खोरमध्ये लोणच्यांचा धंदा. दर्शन पाळण्यात असताना नवरा अपघातात गेला. मग दिराने भागीदारी केली. तो आजारी पडून सोलापूरला परतला. आणि गेल्या उन्हाळ्यात गोदामाला आग लागली.

"मी अंधश्रद्धाळू नाही," चारुदत्त म्हणाले. "पण मी इंजिनिअर आहे. मला पॅटर्न दिसतो."

"दॅट्स नॉट अ पॅटर्न, बाबा. दॅट्स बॅड वायरिंग," मुग्धा म्हणाली. "अँड डोन्ट वरी, मी पळून जाणार नाही. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच करीन. फक्त दुसऱ्या कुणाशी करणार नाही."

पळून जाण्याची धमकी परवडली असती. ही शांत होती, त्यामुळे मुग्धाची आई सुहासिनीबाई घाबरल्या. "अहो, मुलगी जन्मभर तशीच राहील," त्या म्हणाल्या. चारुदत्त विषय बदलून कुलवृत्तांत लिहायला बसले.

आगवेकर घराण्याचा कुलवृत्तांत पुण्यात छापला जाणार होता आणि आखाती शाखेचे संपादक चारुदत्त होते. शाखेत एकच कुटुंब असल्याने निवडणूक बिनविरोध झाली होती. शुक्रवारच्या सुट्टीत, चहा घेता घेता, त्यांनी ताजा मजकूर गिरिजाआत्याला वाचून दाखवला. आत्या व्हिजिट व्हिसावर आली होती. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

"'आमच्या पणजी ठकुबाई. गोऱ्या साहेबाच्या अमलात कोकणात प्लेग आला. पती गेले, दोन्ही दीर गेले, ठकुबाई तेवढ्या वाचल्या. एवढ्याच पुराव्यावर अडाणी गावकऱ्यांनी त्यांना चेटकीण ठरवून, कडेवरच्या मुलासह गावाबाहेर काढले. आम्ही सर्व त्या मुलाचे वंशज. धिक्कार असो त्या अज्ञानाचा.'"

शेवटच्या वाक्याला चारुदत्तांचा आवाज भरून आला. सुहासिनीबाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

"छान लिहिलंयस, चारू," आत्या म्हणाली. "गावावर मात्र थोडा अन्याय केलास."

"गावावर?"

"आजी मला स्वतः सांगायची. माणसं वाईट नव्हती रे. शेजारणीने वाटेसाठी भाकरी बांधून दिली. पाटील म्हणाला, माझा काही यावर विश्वास नाही, पण एकामागून एक तिघे गेले, काहीतरी असणारच. आणि आमच्या घरात पोरंबाळं आहेत."

"मूर्ख होता तो पाटील. प्लेग उंदरांमुळे होतो."

"आणि गोदामाला आग कशामुळे लागते?"

"शॉर्ट सर्कि—" चारुदत्त थांबले.

आत्याने बशीतला चहा संपवला. तिला घाई नव्हती; व्हिसा अजून महिनाभराचा होता.

"अपघात झाला तेव्हा गाडी नीलिमा चालवत होती का?"

"नाही. ट्रकवाला चुकीच्या लेनमध्ये आला."

"हं. पुरुष वाचला की आपण त्याला नशीबवान म्हणतो. बाई वाचली की तिची चौकशी लावतो. माझी आजी त्यांच्याबरोबर गेली असती, तर तिला साध्वी म्हणाले असते. जगली म्हणून चेटकीण झाली. आता खरं सांग, त्या दिवशी गावात असतास तर कुठे उभा राहिला असतास?"

चारुदत्तांनी हातातला मजकूर खाली ठेवला. मग चारुदत्त हळूच म्हणाले, "पाटलाच्या शेजारी."

"नीलिमाला फोन नको करू. जाऊन ये," आत्या म्हणाली आणि इथे आल्यावर शिकलेला एकमेव अरबी शब्द तिने वापरला, "यल्ला." म्हणजे, चल, नीघ.

रास अल खोरला नीलिमाबाई नव्या गोदामात बरण्या रचून घेत होत्या. चारुदत्त रस्ताभर जुळवलेलं भाषण दारातच विसरले.

"नीलिमाताई, मी तुमच्याबद्दल वाईट बोललोय. तुमच्या पायगुणाबद्दल. चुकलो."

"ठाऊक आहे. इथल्या मराठी मंडळातून सगळं पोचतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. "पण मुलाची आई म्हणून मलाही विचारायला हवं. तुमच्या घराण्यात कुणी चेटकीण होऊन गेली म्हणे? दर्शन सांगत होता."

"हो. माझी पणजी."

"काय केलं होतं तिने?"

"काही नाही. जगली. आणि पोराला जगवलं."

 नीलिमाबाईंनी हातातली बरणी खाली ठेवली आणि पदराने डोळे टिपले.

"मग त्या घरातली मुलगी मला चालेल," त्या म्हणाल्या.

वाचकहो, संकटातून जी बाई उरते, तिच्या जिवावर पुढची पिढी उभी राहते. तिला दोष देणारे गावही असतात आणि शिकलेले मॅनेजरही. शंभर वर्षांपूर्वीच्या अन्यायावर रडायला सोपं जातं, कारण त्यात आपल्याला काहीच बदलावं लागत नाही. हे वाचताना तुमच्या ओळखीतली एखादी बाई डोळ्यांसमोर आली असेल, तर तिला अपशकुनी ठरवणाऱ्यांत तुम्हीही होतात. उठा आणि तिच्या घरी चहाला जा.