थापेला भुललेली अंगठी

"हलली! आडवी हलली! अंगठी नाही म्हणाली!"

जेवणाच्या सुट्टीत आमच्या शिवणकारखान्याच्या इस्त्रीखोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलापाशी माझ्या थोरल्या जाऊबाई बसलेल्या. चिमटीत दोरा, दोऱ्याला पितळेची अंगठी आणि समोर अंगठीचा कौल सांगत फिरणारे दोरेबुवा. हे नाव आम्हीच ठेवलेलं. बुवा स्वतः कशाला बोटही लावत नसत, आणि बाया भुलायच्या त्या इथेच. दोरा तुमच्याच हातात! अंगठी गोल फिरली तर 'हो', आडवी हलली तर 'नाही'.

"अगं, मी नाही हलवली, शपथ!" जाऊबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"तुम्ही कोण हलवणार, बाई? ती त्रिकाळ जाणते," म्हणत बुवांनी झोळीतून हिरव्या पाण्याची बाटली काढली. "डोळ्यांचं ऑपरेशन करू का विचारलंत, ती नाही म्हणाली. ऑपरेशन नको. रोज तीन थेंब डोळ्यांत."

जाऊबाई आमच्या कटर. बावीस वर्षं कात्री चालवतायत. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गेल्या महिन्यात कापडाची सुलट बाजू दिसली नाही आणि चाळीस बाह्या कापल्या, चाळीसच्या चाळीस डाव्या! आमच्याकडे बिघडलेला नग दाराजवळच्या खिळ्याला टांगतात, सोबत का बिघडला त्याची चिठ्ठी. ओरडत कुणी नाही, पण ती चूक पुन्हा होत नाही. अंगठीच्या चुकांना मात्र खिळा नव्हता. 'ताप आपोआप उतरेल' असं अंगठीने जिला सांगितलं ती इस्त्रीवाली आठवडाभर दवाखान्यात पडून होती, तिचं नावही कुणी काढेना.

डॉक्टरांनी जाऊबाईंना सरळ सांगितलं होतं, "ऑपरेशननंतर बहुतेकांना छान दिसतं. क्वचित कुणाला त्रास होतो. तुमची हमी मी देणार नाही. पण थांबून मोतीबिंदू काही कमी होत नाही."

म्हणजे हमी न देणारा डॉक्टर वाईट आणि हमी देणारी अंगठी शहाणी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी जाऊन मी दोऱ्याला मशीनची बॉबीन बांधली. 'गोल फिर' असं नुसतं मनात आणलं, तर मेली फिरली की हो! मी हात दगडासारखा धरला होता. मग डोळे मिटून बसले आणि नवऱ्याला बघायला सांगितलं. "काही नाही, उगाच वेडीवाकडी लोंबकळतेय," तो म्हणाला. माझी ट्यूब पेटली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी बुवांसमोर झाकण लावलेले तीन डबे मांडले. "एकात बटण आहे. जाऊबाई, अंगठीला विचारा कुठे आहे ते."

अंगठी पहिल्यावर थरथरली, दुसऱ्यावर थोडी आडवी, तिसऱ्यावर थोडी तिरकी. त्रिकाळ जाणणारीला बटण सापडेना!

"प्रश्न अशुद्ध मनाने विचारलाय," बुवा म्हणाले.

"बरं, राहिलं." मी जाऊबाईंच्या कानात सांगितलं, "दुसऱ्या डब्यात आहे." आणि काय सांगू! दुसऱ्या डब्यावर अंगठी गरागरा फिरली. बायांनी टाळ्या वाजवल्या. बुवांनी मिशीवर हात फिरवला.

मी तिन्ही डबे उघडले. दुसरा रिकामा. बटण पहिल्यात!

"मी थाप मारली, जाऊबाई. अंगठी माझ्या थापेवर फिरली. कारण तुम्हाला ती खरी वाटली. जे मनात असतं ते बोटांत उतरतं, आपल्याला कळतही नाही. तुम्ही लबाडी केली नाहीत, पण हलवलीत तुम्हीच."

"संशयी माणसाच्या सावलीत अंगठी गोंधळते!" बुवा गरजले.

"मग अंगणात उन्हात चला की, बुवा! डबे मी आणते!"

खोली हसली. बुवांनी बाटल्या गोळा केल्या आणि सुट्टी संपायच्या आत पोबारा केला.

जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. "मला ऑपरेशनची भीती वाटत होती गं," त्या हळूच म्हणाल्या. "मी धीर मागायला गेले, आणि अंगठीने माझीच भीती मला देवाचा कौल म्हणून परत दिली." मी त्यांचा हात धरून ठेवला.

संध्याकाळी आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. जाऊबाईंनी चार प्रश्न विचारले, दोनदा विचारले, आणि ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशनचं काय झालं, हे विचारायला तुम्ही आतुर असाल. थांबा जरा. ते बिघडलं असतं तरी त्या सहीला मी चूक म्हटलं नसतं. पुढचं कुणालाच दिसत नाही. जे ठाऊक आहे ते नीट विचारायचं, तोलायचं, ठरवायचं, आणि चुकलंच तर का चुकलं ते पाहायचं. माणसाच्या हातात एवढंच आहे, आणि ते थोडं नाही.

एक डोळा स्वच्छ झालाय. दुसऱ्याची तारीख घ्यायला जाऊबाई काल गेल्या होत्या. "पहिला बरा झाला म्हणून दुसऱ्याची हमी आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"हे बरं केलंत खरं सांगितलंत ते," जाऊबाई म्हणाल्या. "लिहा तारीख."